दुसरा भुरका

सातव्या पेल्यात बुरशी होती, हे बाईंनी अगदी सहज सांगितलं. चाखणी संपली होती, चमचे पाण्याच्या ग्लासात उभे होते, पिकदाण्या अजून उचलल्या नव्हत्या. बाई खिडकीचे पडदे सारता सारता म्हणाल्या, "सातवा मी मुद्दाम ठेवला होता हं. त्या डोंगरावरच्या मळेवाल्याच्या ओल लागलेल्या पोत्यातला. तो यंदाची सगळी कॉफी आपल्यालाच द्यायची म्हणतोय, म्हटलं आधी दोष काय आहे ते तुमच्याकडून कळू दे." मग त्यांनी दोन्ही चाखणाऱ्यांचे, तिचे आणि आजोबांचे, कागद उचलले आणि हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तिच्या कागदावर सातव्यापुढे लिहिलं होतं: स्वच्छ, गोड, फुलांचा वास. आजोबांच्या कागदावर होतं: स्वच्छ, गोडवा छान, वास फुलांकडे झुकणारा. बाईंनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. गार झालेला सातवा पेला उचलून नाकाशी नेला, खाली ठेवला, परत उचलला. "मला तर आत्तासुद्धा बुरशीच येतेय," त्या म्हणाल्या आणि ओशाळं हसल्या. "म्हणजे मीच चुकले. पेले लावताना अदलाबदल झाली असणार माझ्याकडून. तुमची दोन मुरलेली नाकं एकीकडे आणि माझं एकटीचं दुसरीकडे, म्हणजे प्रश्नच मिटला." तिनं टेबलापलीकडे आजोबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती तरी पुसत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

आजोबा काही कुणाचे आजोबा नव्हते. लग्नच केलं नव्हतं. तिशीत डोकं पांढरं झालं आणि कचेरीनं नातवंडांवाचून त्यांना आजोबा करून टाकलं. ती नोकरीला लागली तेव्हा चमचा कसा धरायचा हे त्यांनीच दाखवलं होतं, आणि तेव्हापासून दोघं त्याच टेबलाच्या दोन बाजूंना उभी होती. बाई या विभागाच्या प्रमुख होत्या, पण वयानं तिच्याहून बऱ्याच लहान, आणि दोघांना सारखंच बिचकणाऱ्या. दोघांचे गुण इतके जुळायचे की हिशेबनीस म्हणायचा, नवराबायकोत एवढं एकमत असतं तर वकील उपाशी मेले असते. सगळे हसायचे, तीही हसायची. गेल्या पावसाळ्यापासून मात्र या विनोदावर ती सगळ्यांच्या मागून हसायची, कारण ते एकमत कुठून येतं हे तिला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. विशेष काही नाही, घरोघरी होता तसाच. ताप उतरला, खोकला गेला, आणि एका सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून पेपर वाचत असताना सासूबाई बाहेरच्या गॅलरीतून जवळजवळ पळत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. पातेल्यातलं दूध आटून करपून काळं झालं होतं, धूर तिच्या खांद्यापर्यंत आला होता. "नाक कुठं गहाण ठेवलंस?" सासूबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, थट्टेनंच. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. फक्त दूध गॅसवर चढलं की त्या हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहू लागल्या, काहीतरी शोधल्यासारखं करत, कधी चमचा, कधी झाकण. दूध वर आलं की शोधायचं सापडायचं आणि त्या निघून जायच्या. नवऱ्याला तिनं सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी स्वतःशी पूर्ण वाक्यात म्हणावं लागलं असतं, आणि ते वाक्य ती मनातसुद्धा अर्ध्यात सोडून देत होती. तिनं एकटीनं प्रयोग केले. साबण, लवंग, केरोसीन, स्वतःच्या ब्लाऊजची काख. जीभ शाबूत होती. गोड, आंबट, कडू, खारट, सगळं आपापल्या जागी होतं. पण त्यांच्यावरचं आकाश गेलं होतं. लिंबू म्हणजे नुसतं आंबट, साखर म्हणजे नुसती गोड, आणि कॉफी म्हणजे गरम, कडवट, थोडं जाड पाणी. नव्यांना शिकवताना ती नेहमी सांगायची की ज्याला माणसं चव म्हणतात त्यातली बहुतेक नाकाची असते, जीभ उगाच मिरवते. आता ती स्वतःच त्या धड्यातलं उदाहरण झाली होती.

तरी तिचं निभलं, आणि निभलं ते आजोबांच्या भुरक्यांवर. चाखणाऱ्याला लाजून चालत नाही, चमच्यातला घोट हवेसकट जोरात ओढावा लागतो, म्हणजे तो फवाऱ्यासारखा टाळूवर उडतो आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो. नवा माणूस त्या खोलीत आला तर त्याला वाटतं, इथं शिष्टाचार नावाची गोष्टच नाही. पण इतकी वर्षं ऐकून तिला आजोबांचा भुरका ओळीसारखा वाचता येत होता. पेला आवडला की पहिल्या भुरक्यापाठोपाठ लगेच दुसरा, आखूड, हावऱ्या पोरासारखा. नावडला की दुसरा नाही, चमचा ग्लासाच्या काठावर टिकटिक. मध्यम असला की घशात एक बारीक हुंकार. आंबटपणा, कडवटपणा, दाटपणा ती स्वतःच्या जिभेवर मोजायची, वासाची जागा रिकामी ठेवायची, आणि एक पेला पुढे असलेले आजोबा त्याच पेल्यावर कसे भुरकले होते ते आठवून ती जागा भरायची. पहिल्या दिवशी हे केलं तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं, आजच्यापुरतं. पुढे ते सांगणं बंद झालं.

बाईंनी पेला खाली ठेवला त्या दुपारी ती आपल्या टेबलाशी बसून सातव्या पेल्यापाशी नेमकं काय घडलं ते आठवत राहिली. आजोबा नेहमी पुढे असत, पण आज मध्येच चष्म्यावर वाफ धरली म्हणून थांबले होते. त्यामुळे सातव्यापाशी ती आधी पोचली. पहिला घोट चुकीच्या वाटेनं गेला आणि तिला ठसका लागला. घसा सरळ करायला तिनं लगेच दुसरा घोट ओढला. बस. मग ती आठव्याकडे गेली, मागून आजोबा सातव्याशी आले, आणि त्यांचा भुरका ऐकू आला, त्यापाठोपाठ लगेच दुसरा, आखूड, हावरा. तिनं मागं वळून लिहिलं, फुलांचा वास. त्यांनी दुसरा भुरका का मारला? तिनं हा प्रश्न एखाद्या गणिताकडे बघावं तसा शांतपणे पाहिला, आणि उत्तर आलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी तिचा दुसरा घोट ऐकला होता. ती ज्या भिंतीला टेकून उभी होती ती भिंत तिलाच टेकून उभी होती. मग मागचं सगळं वेगळ्या उजेडात दिसू लागलं. पुढच्या पेल्याशी गेले तरी आजोबा मागच्याचं कागदावर लिहायचे ते तिचा भुरका ऐकल्यावरच. टेबलाशी आल्यावर चाललेलं ते "तू हो पुढे", "नाही, तुम्ही व्हा" हे तिला त्यांचं सौजन्य वाटत होतं, त्यांनाही बहुधा तिचं सौजन्यच वाटत असणार. म्हणजे किती महिने त्या खोलीत दोन माणसं मोठमोठ्यानं भुरके मारत होती आणि चव कुणीच घेत नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसू ओठांपर्यंत येण्याआधी भीती आली.

पण खरं छळलं ते बाईंनी. बाईंचं नाक विलक्षण होतं. कचेरीत कुणाच्या घरी रंग दिलाय, कुणी औषध घेतंय, हे त्यांना दारातूनच कळायचं. त्या दिवसानंतर त्या स्वतःला तपासू लागल्या. डबा उघडून सफाईवाल्या मावशींपुढे धरायच्या, "यात खवट येतंय का हो? की मलाच?" मावशी म्हणायच्या, "बाई, मला आपलं फिनेलच येतं सगळीकडे." एकदा त्या तिच्याजवळ आल्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, वयाच्या आधीच नाक जातं का हो कुणाचं?" तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या क्षणी सांगून टाकणं शक्य होतं. ती म्हणाली, "सर्दी असेल, वाफ घ्या." आणि बाईंनी मान डोलावली, शहाण्या मुलीसारखी. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ठरवून टाकलं, मळ्यावर तिनं आणि आजोबांनीच जायचं. "तिथंच चाखा आणि तिथूनच कळवा, घ्यायचं की नाही. मी मध्ये पडत नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला," त्या म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की तिला त्या रात्री जेवण गेलं नाही. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं. "कामाचं काही?" "हं." "बोलून मोकळी हो," त्या म्हणाल्या, "नाहीतर अशीच वाळशील." कुणाशी बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

रेल्वेतल्या प्रवासात आजोबांनी शब्दकोडं सोडवलं, दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा कप तोंडाशी नेण्याआधी तिच्या कपाकडे पाहिलं. आता तिला ते दिसत होतं, आणि दिसू लागल्यावर न बघणं जमत नव्हतं. स्टेशनवर मळेवाल्यानं पाठवलेली जीप उभी होती. रस्ता वळणावळणानं चढत गेला, हवा गार होत गेली, कानांना दडे बसल्यासारखं झालं. चालक मोकळ्या तोंडाचा होता; तुम्ही काय नुसतं पिऊन बघता आणि त्याचा पगार मिळतो का, असं त्यानं विचारलं. "पीत नाही, थुंकतो," आजोबा म्हणाले. चालक इतका हसला की पुढचं वळण त्यानं जरा उशिरानं घेतलं. एका वळणावर मागचं चाक बसलं. चालकानं उतरून चाकाला एक लाथ घातली, त्याच्या मालकाच्या घराण्याबद्दल दोन शब्द बोलला आणि जॅक काढायला लागला. आजोबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. ती पाय मोकळे करायला खाली उतरत गेलेल्या पायवाटेनं थोडी चालत गेली.

उंच झाडांच्या सावलीत कमरेएवढ्या-खांद्याएवढ्या झुडपांची दाटी होती. पानं गडद, चकचकीत, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या. फांदीला चिकटून, देठ जवळजवळ नसल्यासारखे, फळांचे झुबके बसले होते. एकाच झुबक्यात हिरवी, पिवळसर, लाल आणि काही इतकी लाल की काळपट. तिला ती सुंदर वाटली आणि काय आहेत ते कळलं नाही. कुठलं तरी रानफळ, असं मनाशी म्हणत तिनं एक लाल तोडलं आणि सवयीनं, कुठलीही गोष्ट उघडून बघायच्या सवयीनं, चिमटीत दाबलं. साल फाटली आणि आतून बुळबुळीत काहीतरी निसटून तळहातावर पडलं. दोन बिया, एकमेकींना पाठ नव्हे तर पोट लावून बसलेल्या, आणि सपाट बाजूवर मधोमध एक रेघ. ती तशीच उभी राहिली. ही रेघ तिनं आयुष्यात जितक्या वेळा पाहिली होती तितक्या वेळा स्वतःच्या हातावरच्या रेघाही पाहिल्या नसतील. भाजलेली पाहिली होती, कच्ची राखाडी-हिरवी पाहिली होती, काचेखाली मोठी करून पाहिली होती. पण अंगावर ओलं मांस असलेली ही कधीच नव्हती. कागदांवर ती वर्षानुवर्षं लिहीत आली होती, फळासारखा गोडवा, आणि तेव्हा डोळ्यांपुढे आणायची जर्दाळू, द्राक्षं, कुठलंही फळ. याचं नाही. याला चव असेल हे मनातच आलं नव्हतं. आपण एखाद्या माणसाच्या हाडांवर वर्षानुवर्षं अभ्यास करावा आणि तो एक दिवस रस्त्यात समोर येऊन उभा राहावा, तसं काहीसं तिला वाटलं, आणि थोडं लाजल्यासारखंही झालं.

"काय सापडलं गं?" मागून आजोबा आले. तिनं तळहात पुढे केला. त्यांनी बघितलं, चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा बघितलं. "अरेच्चा. ही होय ती," ते म्हणाले. "जन्मभर जिच्या जिवावर जेवलो तिचं तोंड आज बघतोय." त्यांनी एक पिकलेलं फळ तोडून शर्टाला पुसलं, तिनं दुसरं तोडलं. दोघांनी ती जवळजवळ एकदमच तोंडात टाकली. तिच्या दातांखाली साल फुटली, जाड, थोडी तुरट. मग एक पातळसा गोडवा आला, आणि बिया जिभेवर माशासारख्या सुळसुळल्या. एवढंच. पुढे काही आलं नाही. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत होती, आणि आजोबा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या, दारात पाहुण्याची वाट बघणाऱ्या माणसासारख्या. इथं टेबल नव्हतं, एक पेला पुढे जायची सोय नव्हती, भुरका मारण्यासारखं काही नव्हतं. दोन माणसं झुडपात उभी राहून गालात बिया धरून दुसऱ्यानं आधी बोलण्याची वाट बघत होती. वर रस्त्यावर चालक चाकाचे नट फिरवत होता, त्याचा किर्र किर्र आवाज येत होता. शेवटी आजोबांनी बिया थुंकल्या.

"तुझं कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तापानंतर. तुमचं?"

"माझं असं कधीपासून म्हणून नाही. हळूहळू. आधी फुलं गेली, मग भाजल्याचा वास गेला. म्हटलं वयाचं असेल, पण पोरगी आहे समोर, तिच्या अंदाजानं जाऊ." ते जरा थांबले. "मला वाटायचं तुला दोघांपुरतं येतंय."

"मलाही तेच वाटायचं."

ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मग हसणं थांबलं आणि ते खाली बसले. "हे बघ, माझं आता थोडंच राहिलंय. निवृत्तीचा समारंभ करतील, शाल घालतील, बाई भाषण करतील. म्हणतील, यांच्यासारखं नाक नाही. तेवढं ऐकून जावं असं वाटतं. हसू नकोस."

"हसत नाही."

"मळ्यावर गेलो की साधारण बरं आहे म्हणू. धड हो नाही, धड नाही नाही. कुणाचं नुकसान नाही."

"बाईंचं आहे," ती म्हणाली. "त्या डबे घेऊन फिरतात आजोबा. मावशींना विचारतात, खवट येतंय का म्हणून. त्यांना वाटतंय त्यांचं नाक गेलं. ज्यांचं आहे त्यांना वाटतंय."

आजोबा मातीत काडीनं रेघा ओढत राहिले. तिला त्यांची कीव आली नाही. कीव यावी इतके ते तिच्याहून वेगळे उरले नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे बाईंची ती मान आली, वाफ घ्या म्हटल्यावर शहाण्यासारखी डोललेली. नोकरी गेली तर काय, हा विचार तिनं गेले काही महिने रोज केला होता आणि दर वेळी तो तिच्या छातीवर दगडासारखा बसला होता. आत्ताही तो होता. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी होतं, तोंडात अजून रेंगाळणारा तो पातळ गोडवा, जो कुणाच्या भुरक्यावरून घेतला नव्हता. तो थोडाच होता, पण तिचा होता. तिनं फोन काढला. पायवाटेवर रेंज नव्हती, वर वळणावर दोन दांड्या आल्या. आजोबा मागून चढत आले, तिच्यापासून थोडं दूर थांबले, पण ऐकू येईल इतकंच दूर.

"पोचलात का?" बाईंनी विचारलं.

"नाही, वाटेत आहोत, चाक बसलंय. बाई, सातव्या पेल्यात बुरशी होती."

"तुम्ही पुन्हा चाखला?"

"नाही. तुम्हाला आली म्हणजे होती. तुमचं नाक ठीक आहे. माझं गेलंय, गेल्या पावसाळ्यात. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सर्दीवर ढकललं."

मग बाई म्हणाल्या, "आणि आजोबांनीसुद्धा फुलंच लिहिली होती की."

तिनं आजोबांकडे पाहिलं. यावर तिनं काहीच ठरवलं नव्हतं. त्यांनी दोन पावलं पुढे येऊन हात पुढे केला आणि फोन घेतला. "बाई, मी बोलतोय," ते म्हणाले. "मी हिच्यावरून लिहिली. हिनं माझ्यावरून लिहिली. नाही, नाही, ठरवून नाही हो. ठरवून इतकं छान जमलं असतं का? हो. हो, ऐकतोय." मग ते नुसतेच ऐकत राहिले, मान खाली घालून, अधूनमधून हं म्हणत, आणि फोन परत देताना त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"तुमचं दोघांचं काय करायचं ते मला आत्ता कळत नाहीये," बाई तिला म्हणाल्या. आवाज जड होता, पण त्यात गेल्या कित्येक दिवसांत नव्हता असा एक ताठपणा होता. "मला राग आलाय. आल्यावर बोलू. पोती मी स्वतः बघीन, तुम्ही फक्त भेटून या. आणि मागं तो आवाज कसला येतोय?"

"चाक लावतायत. आम्ही मळ्याच्या कडेला उभे आहोत. कॉफीची फळं लागलीयत. आत्ता एक खाल्लं."

"झाडावरचं? मी कधी नाही खाल्लं. कसं लागतं?"

तिनं रस्त्याच्या कठड्यावरून ओणवून आणखी एक तोडलं आणि फोन कानाशी धरून तोंडात टाकलं, आणि जसं जसं येत गेलं तसं सांगत गेली. "साल जाड आहे. चावली की तुरट. मग गोड, फार नाही, पातळ. शेवटी अगदी थोडं आंबट. बिया बुळबुळीत, धरू म्हटलं तर निसटतात."

"वास?"

तिनं जुन्या सवयीनं नाकानं श्वास आत ओढला. गार हवा गेली, बाकी काही नाही.

"वासाचं मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "येताना थोडी घेऊन या," बाई म्हणाल्या. "वास मी बघते."